फिटलेल्या कर्जाची तारीख

(नागरा, जि. गोंदिया येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या गुरुजींच्या स्मरणासाठी आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांची माझी ओळख शाळेतली नाही. ती बँकेतली आहे. मी शाखेत शेती अधिकारी होतो आणि गुरुजी तेव्हा निवृत्त झालेले होते. आठवड्यातून एक-दोनदा ते गावातल्या कुणाला तरी सोबत घेऊन यायचे. कधी एखादी म्हातारी, कधी एखादा तरुण गडी. पैसे भरले, पावती हातात आली, की गुरुजी चष्मा लावून आधी तारीख बघायचे, मग रक्कम. एकदा मी त्यांना याचं कारण विचारलं. त्यांनी सांगितलं की रक्कम दोघांनीही मोजलेली असते, तारीख मात्र लिहिणाऱ्याच्या एकट्याच्या हातात असते. तेव्हा मी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्या बोलण्याचा अर्थ कळायला मला पुढची अनेक वर्षं लागली. आजचं व्याख्यान त्या एका तारखेविषयी आहे.

एका माणसाची हकिगत आधी सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. तीन एकर धानाची शेती. मुलाच्या मोटारसायकलसाठी एका खासगी वित्त कंपनीचं कर्ज घेतलेलं. त्या वर्षी आधारभूत केंद्रावर धान दिलं, चुकारे फेब्रुवारीच्या शेवटी खात्यात आले, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात या माणसानं मोटारसायकलचे उरलेले सगळे हप्ते एकदम भरून कर्ज बंद केलं. व्याज वाचवायचं म्हणून. मे महिन्यात तो माझ्याकडे पीककर्जासाठी आला. मी संगणकावर त्याचं सिबिल काढलं. पडद्यावर मोटारसायकलचं कर्ज चालू दिसत होतं, आणि वर दोन हप्ते थकीत.

त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून पावती काढली, कर्ज संपल्याचं कंपनीचं पत्र काढलं. दोन्हींवर मार्चची तारीख. मी ते कागद वाचले. ते खरे आहेत याबद्दल मला शंका नव्हती. तरीही प्रस्तावासोबत मी पडद्यावरचाच अहवाल जोडला, कारण नियम तसा होता. वरच्या कार्यालयातून प्रस्ताव परत आला: आधी थकबाकी निकाली काढा. तो कंपनीच्या गोंदियाच्या कचेरीत गेला, तिथं त्याला सांगण्यात आलं की मुख्य कार्यालयाला कळवलं आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा गेला, पुन्हा तेच उत्तर. मृग लागला. पऱ्हे टाकायची वेळ झाली. बी, खत, नांगरणी, रोवणीची मजुरी, यांतलं काहीच थांबत नाही. त्यानं गावातून साठ हजार उचलले, शेकडा पाच रुपये महिन्यानं. ऑगस्टमध्ये मी सहज त्याचा अहवाल पुन्हा काढून पाहिला. मोटारसायकलचं कर्ज बंद दिसत होतं. थकबाकी शून्य. सगळं बरोबर झालं होतं, फक्त रोवणी उरकून गेली होती आणि तीन महिन्यांचं नऊ हजार रुपये व्याज त्या माणसाच्या डोक्यावर बसलं होतं.

त्याची चूक काय होती? त्यानं कर्ज मुदतीच्या आधी फेडलं. आणि माझी चूक मी आज या व्यासपीठावरून कबूल करतो. त्या दिवशी हातात आलेल्या कागदाहून मी पडद्याला मोठं मानलं.

ही नोंद येते कुठून, हे थोडक्यात सांगतो, कारण बहुतेकांचा समज असा असतो की मुंबईत कुणीतरी बसून आपलं सिबिल ठरवतं. सिबिल हे एका कंपनीचं नाव. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या सिद्दिकी समितीच्या शिफारशीनंतर २००० साली ती स्थापन झाली आणि २००४ पासून व्यक्तींच्या कर्जांची माहिती देऊ लागली. २००५ साली संसदेनं पतमाहिती कंपन्यांचा कायदा केला, तो डिसेंबर २००६ मध्ये अमलात आला. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. पण जसं वनस्पती तुपाला आपण डालडाच म्हणत राहिलो, तसं चौघींच्याही अहवालाला लोक सिबिलच म्हणतात. मीही तसंच म्हणेन.

या कंपन्या गावात फिरून माहिती गोळा करत नाहीत. बँक, वित्त कंपनी, पतपुरवठा करणारी प्रत्येक संस्था आपापल्या कर्जदारांची यादी त्यांना पाठवते: कोणाकडे किती बाकी, कोणता हप्ता किती दिवस उशिरा, कोणतं खातं बंद. त्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो. म्हणजे तुमच्याविषयी जे बोललं जातं ते तुमचा धनकोच बोलतो. तुम्ही स्वतः त्यात एक अक्षर घालू शकत नाही. कायद्याच्या २१ व्या कलमानं तुम्हाला स्वतःची नोंद बघण्याचा आणि चूक दुरुस्त करायला सांगण्याचा हक्क दिला आहे, त्यासाठी तीस दिवसांची मुदतही घातली आहे. पण त्याच कलमात पुढची अट आहे: संबंधित कर्ज देणाऱ्या संस्थेनं दुरुस्ती बरोबर असल्याचं प्रमाणित केल्याशिवाय बदल होणार नाही. ज्यानं चूक केली, त्याच्याच सहीवाचून ती चूक सुधारत नाही. मी ही अट काढून टाका असं म्हणत नाही, कारण मग कोणीही उठून आपली थकबाकी पुसायला सांगेल. पण जिथं सही एकाच बाजूच्या हातात आहे, तिथं उशिराची किंमतही त्याच बाजूनं मोजली पाहिजे. मला आज मुख्यतः एवढंच सांगायचं आहे.

आता उशीर किती होतो ते बघा. पूर्वी ही यादी महिन्यातून एकदा जायची. ८ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेनं आदेश काढला आणि १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्यातून एकदा पाठवणं बंधनकारक झालं. पंधरा तारखेची स्थिती आणि महिनाअखेरची स्थिती. पंधरवडा संपल्यावर सात दिवसांत बँकेनं यादी पाठवायची आणि मिळाल्यापासून पाच दिवसांत कंपनीनं ती आपल्या नोंदीत घ्यायची. म्हणजे या पंधरवड्याच्या नियमानं तुम्ही १ एप्रिलला कर्ज फेडलं, तर ते १५ तारखेच्या यादीत येणार, यादी २२ पर्यंत जाणार आणि २७ एप्रिलपर्यंत दिसणार. सगळ्यांनी नियम तंतोतंत पाळला तरी सत्तावीस दिवस. यादीतली एखादी ओळ कंपनीनं नाकारली, तर ती दुरुस्त करून पाठवायला आणखी सात दिवस. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं आठवड्याला यादी मागवण्याचा मसुदाही काढला. दिशा योग्य आहे आणि त्याबद्दल रिझर्व्ह बँकेचं मी मनापासून कौतुक करतो. पण यादी लवकर पाठवली म्हणून ती बरोबर जाते असं नाही.

ओळी नाकारल्या का जातात, हे आपल्या भागात फार सोपं आहे समजायला. रहांगडाले हे आडनाव रोमन लिपीत किती प्रकारे लिहिलं जातं, ते इथल्या मंडळींनी आपापली कागदपत्रं समोर ठेवून बघावं. आधारवर एक, सातबाऱ्यावरून बँकेनं उतरवलेलं दुसरं, मोटारसायकलवाल्या कंपनीच्या पोरानं घाईत टाइप केलेलं तिसरं. बापाचं नाव कधी मधे, कधी शेवटी. जन्मतारीख अनेक जुन्या माणसांची १ जानेवारी किंवा १ जुलै. पॅन कार्ड नाही. मग एकाच गावातल्या दोन सारख्या नावांच्या माणसांची कर्जं एकमेकांच्या अहवालात शिरतात, किंवा बंद झालेल्या खात्याची ओळ जुळत नाही म्हणून बाजूला पडते आणि जुनी ओळ तशीच उभी राहते. मी नोकरीत असताना एका बाईच्या अहवालात तिच्या जावेचं गटकर्ज पाहिलेलं आहे. दोघींचं नाव एक, नवऱ्यांची आडनावं अर्थातच एक, पत्ता एक.

इथं मला बँकेचं कॅलेंडर आणि धानाचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवायचं आहे.

पीककर्ज ३१ मार्चच्या आत फेडलं तर व्याजात सवलत मिळते, म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शाखेत आणि सोसायटीत पाय ठेवायला जागा नसते. नवं कर्ज एप्रिलपासून जूनपर्यंत वाटलं जातं. मृगात पऱ्हे, आर्द्रा-पुनर्वसूत रोवणी. या दोन टोकांमध्ये शेतकऱ्याला जे करावं लागतं त्याला सगळं पूर्व विदर्भ एकच शब्द वापरतो: नवं-जुनं. धान विकून आलेले पैसे पुरत नाहीत, चुकारे कधी उशिरा येतात, तेव्हा माणूस आठ-दहा दिवसांसाठी गावातून हातउसने किंवा व्याजानं पैसे उचलतो, जुनं कर्ज भरतो आणि नवं मंजूर झालं की उचललेले परत करतो. आठ दिवसांच्या बोलीवर घेतलेले ते पैसे असतात. आता त्याची स्वतःची बँक आपली वही बघून नवं-जुनं करून देईलही. पण त्याच बँकेनं अहवाल काढला आणि त्यात बायकोच्या गटकर्जाला तो जामीन, किंवा सोन्यावरचं कर्ज, किंवा मोटारसायकल, यांतलं एक फिटलेलं खातं उघडं दिसलं, तर फाइल थांबते. लाखाला शेकडा पाचनं महिन्याचे पाच हजार होतात. आठ दिवसांची बोली महिन्यावर गेली की हे पाच हजार जातात, आणि ते नियमात बसणाऱ्या उशिरापायी जातात. कोणाचीच चूक नाही, सगळ्यांनी मुदत पाळली, आणि पाच हजार गेले शेतकऱ्याचे. मुंबईच्या कचेरीत महिना हा महिना असतो. बांधीत पाणी साचलेलं असताना महिना म्हणजे हंगाम.

कर्जाच्या वहीवर एकाच बाजूचा ताबा असणं हे दुखणं आजचं नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. पुढचे काही आठवडे पुणे आणि नगर जिल्ह्यांत तो पसरत गेला. त्या उठावात लोकांनी शोधून शोधून जाळली ती कर्जखतं आणि वह्या. इंग्रज सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा केला. त्यात शेतकऱ्याला पैसे भरल्याची लेखी पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब मागण्याचा आणि पासबुकात नोंद करून घेण्याचा हक्क आला. 

तो कायदा आपल्याकडे नव्हता. हे गाव तेव्हा मध्यप्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होतं. आपल्यासाठी आला तो १९३४ चा मध्यप्रांत सावकारी कायदा, आणि मला तो दख्खनच्या कायद्याहूनही जास्त शहाणा वाटतो. या कायद्यानं सावकारावर दोन कामं लादली. प्रत्येक ऋणकोचा हिशेब वेगळा आणि नियमित ठेवायचा, आणि दरवर्षी त्या हिशेबाची वाचता येईल अशी, सही केलेली प्रत ऋणकोला द्यायची. आणि नाही दिली तर? तर कोर्टानं व्याजाचा हिशेब करताना, जेवढ्या काळाचं हिशेबपत्र सावकारानं दिलं नाही तेवढा काळ वगळायचा. ऋणकोनं आधी तक्रार केली होती की नाही, अर्ज कोणत्या नमुन्यात होता, हे प्रश्नच त्यात नव्हते. सावकारानं आपलं काम केलं नाही, त्याचं व्याज गेलं. नव्वद वर्षांपूर्वी या मातीतल्या कायद्यानं ठरवलं होतं की नोंदीतल्या कुचराईची झळ नोंद ठेवणाऱ्याला बसली पाहिजे.

आजचा नियम त्याच्याशी ताडून पाहू. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेनं भरपाईची व्यवस्था जाहीर केली आणि सहा महिन्यांनी, एप्रिल २०२४ मध्ये, ती लागू झाली. तुम्ही नोंद दुरुस्त करण्याची तक्रार केली आणि ती तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर एकतिसाव्या दिवसापासून दिवसाला १०० रुपये. बँकेला एकवीस दिवस, उरलेले कंपनीला. ज्याच्याकडून उशीर, त्यानं पैसे द्यायचे. अशी व्यवस्था आली हेच मोठं पाऊल आहे, कारण त्याआधी उशीर फुकट होता. पण घड्याळ सुरू होतं ते तक्रारीच्या दिवसापासून. पैसे भरल्याच्या दिवसापासून नाही. ज्याला आपली नोंद चुकली आहे हेच मे महिन्यात कळलं, त्याचे मार्च आणि एप्रिल कुठेच मोजले जात नाहीत. माझ्या त्या मोटारसायकलवाल्या माणसाला आजच्या नियमानं काय मिळालं असतं? मेच्या मध्यात तक्रार केली असती, तर जूनच्या मध्यापर्यंत काही नाही, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाचेक हजार रुपये. तेही तक्रार लेखी केली असेल, तिचा क्रमांक जपला असेल तर. तो तर कचेरीत जाऊन तोंडी विचारत होता.

दुसरा एक नियम याच्या शेजारी ठेवतो. १३ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे जेमतेम दीड महिना आधी, याच रिझर्व्ह बँकेनं दुसरा आदेश दिला होता. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर तारण ठेवलेल्या मालमत्तेचे मूळ कागद तीस दिवसांत परत करा, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये द्या. इथं ऋणकोनं तक्रार करण्याची वाट बघितलेली नाही. कर्ज फिटलं की घड्याळ चालू. घराचे कागद अडकले तर दिवसाला पाच हजार, आणि नाव अडकलं तर दिवसाला शंभर. ज्याच्याकडे तारण ठेवायला घर आहे त्याचं संरक्षण पन्नास पट, आणि ज्याच्याकडे नावाशिवाय तारण ठेवायला काही नाही, त्या भूमिहीन बाईचं, त्या तीन एकरवाल्याचं एक पट. हा फरक मला पटत नाही. दोन्ही आदेश एकाच कचेरीतून निघालेले आहेत, तेव्हा नावाचा नियम घराच्या कागदांच्या नियमासारखा करणं अशक्य नाही.

चूक होते आणि ती वेळेवर सुधारत नाही, हे फक्त माझं म्हणणं नाही. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं चारही कंपन्यांना मिळून सुमारे एक कोटी रुपयांचा दंड केला, तो नोंदींच्या अचूकतेचे आणि दुरुस्तीचे नियम न पाळल्याबद्दल.  ज्यांच्या नोंदी चुकल्या होत्या त्यांना त्यातलं काही मिळालं नाही.

कर्जमाफीविषयी बोलल्याशिवाय गोंदिया जिल्ह्यात हा विषय पुरा होत नाही. २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, दीड लाखापर्यंत. २०१९ च्या डिसेंबरमध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, दोन लाखांपर्यंत. याद्या लागल्या, आधार प्रमाणीकरणासाठी रांगा लागल्या, आणि दुसऱ्या योजनेच्या ऐन मध्यावर मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. घोषणेचा दिवस, यादीत नाव आल्याचा दिवस, अंगठा दिल्याचा दिवस, सरकारचे पैसे बँकेला मिळाल्याचा दिवस, बँकेनं खातं बंद केल्याचा दिवस आणि ते सिबिलला कळल्याचा दिवस. हे सहा वेगळे दिवस आहेत. शेतकऱ्याच्या मनात त्यातला पहिला किंवा चौथा दिवस म्हणजे कर्ज संपलं. अहवालात मात्र सहावा दिवस येईपर्यंत तो थकबाकीदारच असतो. शिवाय २०१७ च्या योजनेत ज्यांचं कर्ज दीड लाखाच्या वर होतं त्यांनी वरची रक्कम स्वतः भरून एकरकमी तडजोड केली. तडजोडीच्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा लागू शकतो, 'क्लोज्ड' असा नाही. सेटल्ड म्हणजे धनकोनं कमी पैशांवर समाधान मानलं, असा अर्थ पुढची बँक काढते. सरकारच्या योजनेत बसून, सरकारनं सांगितलं तेवढे पैसे भरून माणूस बाहेर पडला, तरी कागदावर तो अर्धवट फेडणारा ठरतो. आणि ही माहिती कंपन्यांनी किमान सात वर्षं ठेवायची असते. कर्जमाफीचा पुढचा शासननिर्णय जेव्हा कधी निघेल, तेव्हा त्यात एक ओळ हवी: योजनेत बंद झालेल्या खात्याची नोंद कोणत्या शेऱ्यानं आणि किती दिवसांत जाईल. ही ओळ आपल्या आमदारांकडून आपणच मागून घेतली पाहिजे.

आता एक मतभेदाची गोष्ट. सिबिलच नको, अशी मागणी गावागावांत ऐकू येते. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला. पीककर्जापुरतं ते मला मान्य आहे; पेरणी आकड्यासाठी थांबू नये. पण नोंदच नको, हे मला मान्य नाही. नोंद नसण्याचं दुःखही आपल्याच जिल्ह्यात आहे. सेवा सहकारी सोसायटीची मूळ रचना अशी, की जिल्हा बँक कर्ज देते सोसायटीला आणि सोसायटी देते सभासदाला. बँकेच्या वहीत कर्जदार म्हणजे सोसायटी. मग एखाद्या माणसानं तीस वर्षं दर मार्चला गटसचिवाकडे पैसे भरले असतील, एकदाही चुकला नसेल, तरी पुढं पोरीच्या शिक्षणासाठी तो शहरातल्या बँकेत गेला तर संगणक म्हणतो या माणसाचा कर्जाचा इतिहासच नाही. तीस वर्षांची इभ्रत सोसायटीच्या कपाटातल्या लाल वहीत बंद आहे. २०२२ मध्ये केंद्रानं देशातल्या ६३,००० सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. ते काम झालं की निदान वही वाचता येईल. तिचा उपयोग थकबाकीदार शोधायलाच न होता, नियमित भरणाऱ्याची साक्ष देण्यासाठीही व्हावा.

म्हणून माझी मागणी नोंद पुसण्याची नाही, नोंदीवर खरी तारीख पडण्याची आहे. कर्ज बंद झाल्याची ओळ पुढच्या यादीची वाट न बघता त्याच दिवशी गेली पाहिजे. पैसे भरले की दोन सेकंदांत मोबाइलवर संदेश येतो, हप्ता चुकला की दुसऱ्या दिवशी फोन येतो. ज्या यंत्रणेला हे जमतं तिला बंद खात्याची एक ओळ पाठवणं जड जाऊ नये. भरपाईचं घड्याळ पैसे भरल्याच्या दिवसापासून चालावं आणि तक्रारीशिवाय चालावं. आणि तोवर, शाखेतल्या अधिकाऱ्याला एवढा अधिकार लेखी मिळावा की शिक्क्याची, तारखेची बेबाकी, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, समोर असेल तर तो पडद्यावरची जुनी ओळ बाजूला ठेवून प्रस्ताव पुढं पाठवू शकेल. मला हा अधिकार असता तर एका माणसाचे नऊ हजार रुपये वाचले असते. माझ्या जागी आज जे तरुण अधिकारी बसले आहेत, त्यांतले काही इथं आहेत, त्यांना मी हात जोडून सांगतो: कागद वाचा. खात्री वाटली तर प्रस्तावावर तसं लिहा, सही करा. नियम बदलेपर्यंत एवढं तरी आपल्या हातात आहे.

आपल्या बाजूनं काय करायचं तेही सांगतो, कारण मायबायांनी इतका वेळ ऐकलं ते काहीतरी हाती लागावं म्हणून. कर्ज संपलं की पावतीवर थांबू नका, बेबाकी दाखला मागा आणि त्यावर खातं बंद झाल्याची तारीख आहे का ते तिथंच उभं राहून बघा. बँकेत दिलेला मोबाइल नंबर जुना असेल तर बदला. तुमचा अहवाल कोणी काढला तर त्याचा संदेश आता त्या नंबरावर यायला हवा असा नियम आहे, आणि तो नंबर पोरानं कधीच बंद केलेला असतो. जामीन राहिला असाल, तर ज्याला जामीन राहिलात त्याच्या कर्जाचाही दाखला मागा, कारण त्याचं थकलेलं तुमच्याही नावापुढे दिसतं. चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढून देतो म्हणून हजार-पाचशे घेणारे एजंट आहेत, त्यांना एक रुपयाही देऊ नका. चूक दिसली तर लेखी तक्रार करा आणि क्रमांक जपा. तीस दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ या नंबरावर फोन केला तर मार्ग सांगतात. पतमाहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही आल्या आहेत.

हे सगळं म्हाताऱ्या माणसाला एकट्यानं जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. गुरुजींनी ते काम एकट्यानं केलं. आता गावात शिकलेली पोरं-पोरी कितीतरी आहेत, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी याच सभागृहात येऊन बसणार आहे. मदतीला दहा पोरं-पोरी हवी आहेत, त्यांनी आज जाताना आयोजकांकडे नाव द्यावं. आणि बाकीच्यांनी त्या दिवशी येताना आधार कार्ड, चालू मोबाइल आणि ३१ मार्चची पावती सोबत आणावी.